पेठांतले पुणे पायी शोधताना: आपल्या कामाची दुकाने, कारागीर आणि खाण्याची ठिकाणे गाठण्याची रीत

पुण्यात दहा-पंधरा वर्षे राहिलेल्या माणसालाही जरीच्या साडीला रफू कोण करून देतो, पितळी पातेल्याला कल्हई कुठे लावून मिळते किंवा जुन्या मिक्सरच्या भांड्याचे पाते कोण बदलतो, असे अचानक विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. मग दुरुस्त होण्याजोगी वस्तू भंगारात जाते आणि नवी घरात येते. खाण्याच्या बाबतीतही पाहुणे आले की त्याच चार नावांची उजळणी होते. मी गेली अनेक वर्षे ठरवून पुण्याच्या पेठांतून फिरत आलो आहे आणि त्या फिरण्यातून एक रीत हळूहळू बसत गेली. तिचे सार असे, की ठिकाण नावावरून शोधू नये, कामावरून शोधावे, आणि त्या कामातल्याच माणसाला विचारून शोधावे. ही रीत कशी वापरायची ते पुढे क्रमाने मांडले आहे.

घरापासून सुरुवात

पहिले काम घरातच करायचे आहे. एक साधी वही घेऊन स्वयंपाकघर, कपड्यांचे कपाट, माळा आणि देवघर यांतून एक फेरी मारावी आणि अडून राहिलेली कामे लिहून काढावीत. चेन बिघडलेली प्रवासी बॅग, काडी मोडलेली छत्री, रबरी रिंग सैल झालेला कुकर, कान तुटलेली कढई, बंद पडलेले मनगटी घड्याळ, गाठी झालेली कापसाची गादी अशी दहा-बारा कामे बहुतेक प्रत्येक घरात निघतातच. त्यांच्या शेजारी महिन्याला लागणाऱ्या वस्तू लिहाव्यात, आणि तिसऱ्या रकान्यात अशी कामे लिहावीत, जी वेळ आली की तातडीने लागतात, जसे चावी करून देणारा, चष्म्याची काडी लगेच बसवून देणारा, रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे औषधांचे दुकान. शोधाची सुरुवात या तिसऱ्या रकान्यापासून करावी, कारण दारात कुलूप अडकलेले असताना माणूस समोर येईल त्याला आणि मागेल ती मजुरी देऊन काम उरकतो.

कोणता धंदा कोणत्या आळीत

जुन्या पुण्याची मोठी सोय अशी आहे, की एका धंद्याची माणसे पुष्कळदा एकाच आळीत किंवा चौकात एकवटलेली आहेत. त्यामुळे दुकानाचे नाव ठाऊक नसले तरी आळी ठाऊक असली की पुरते. क्रमिक पुस्तके, स्पर्धापरीक्षांची पुस्तके आणि वापरलेली पुस्तके यांसाठी अप्पा बळवंत चौक, विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, वाहनांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ, हार्डवेअर आणि घाऊक किरकोळ सामानासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, तांब्याच्या भांड्यांसाठी कसबा पेठेतली तांबट आळी, सूप-टोपल्यांसाठी बुरूड आळी, संसाराच्या भांड्यांसाठी आणि मुलींच्या भातुकलीसाठी तुळशीबाग, साड्या आणि दागिने यांसाठी लक्ष्मी रस्ता, ही मांडणी पाठ असावी. जुन्या वस्तू, अवजारे आणि सुटे भाग यांसाठी बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, जिथे आज दिसलेली वस्तू पुढच्या वारी दिसेलच असे नाही.

या सगळ्यांच्या मध्यावर मंडई आहे. तिची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत 1886 साली रे मार्केट या नावाने सुरू झाली. या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले यांनी विरोध केला होता आणि पुढे तिला त्यांचेच नाव देण्यात आले. नवख्या माणसाने मंडई हा आपला खुंटा मानावा. येथून तुळशीबाग, बोहरी आळी, लक्ष्मी रस्ता आणि अप्पा बळवंत चौक सारेच पायी गाठता येते. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके अगदी हाताशी आली आहेत, तेव्हा या भागात स्वतःची गाडी नेऊ नये. गाडी लावायला जागा शोधण्यात जो अर्धा तास आणि जो उत्साह जातो, तो फिरण्यासाठी राखून ठेवावा.

पत्त्यांची इथली भाषाही शिकून घ्यावी लागते. पेठांत पत्ता घरक्रमांकावरून कोणी सांगत नाही, तो देवळावरून सांगतात, आणि म्हणून सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर आणि नागनाथ पार ही नावे नकाशावर एकदा नीट पाहून ठेवावीत. ‘पत्र्या मारुतीवरून पुढे या, डाव्या हाताला बोळ आहे’ हे वाक्य कळू लागले की निम्मा शोध संपला.

फेरीची वेळ आणि पद्धत

एका फेरीत एकच पेठ घ्यावी आणि तिला दोन तास द्यावेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेदहा ते एक ही वेळ उत्तम. दुकाने उघडून झाडलोट झालेली असते, गिऱ्हाईक कमी असते आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. दुपारी एक ते चार हा पेठांत विश्रांतीचा काळ मानला जाई आणि काही जुनी दुकाने अजूनही तो पाळतात, म्हणून त्या वेळेवर विसंबू नये. साप्ताहिक सुटीही आळीगणिक आणि दुकानागणिक बदलते, तेव्हा पहिल्या फेरीतच पाटीवरची सुटी वहीत टिपावी. विद्युत पुरवठ्याच्या देखभालीची कामे पुण्यात बहुधा गुरुवारी काढली जातात, हे लेथ, गिरणी किंवा झेरॉक्स अशा विजेवरच्या कामांसाठी लक्षात असावे.

पहिल्या फेरीत काही विकत घ्यायचे नाही, असा नियम मी कटाक्षाने पाळतो. आळी एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत यावी, कारण जाताना जे दुकान नजरेतून सुटते ते येताना दिसते. मोठ्या काचेच्या दुकानांपेक्षा जिन्याखालची खोपटी, वाड्याच्या चौकातली खोली आणि पहिल्या मजल्यावरची पाटी यांकडे लक्ष द्यावे, कारण कारागीर बहुधा तिथे बसलेला असतो. रस्त्यावरचे भाडे त्याला परवडत नाही आणि त्याचे गिऱ्हाईक त्याला शोधत येते, म्हणून त्याला रस्त्याची गरजही नसते. कोणत्या दुकानापुढे हातगाडी उभी आहे आणि पोती किंवा खोकी बांधून कोणाकडे रवाना होत आहेत, तेही पाहावे. ज्या दुकानातून इतर दुकानदार माल भरतात, तिथे भाव आणि निवड दोन्ही बरे मिळण्याचा संभव असतो, मात्र तिथे डझनाच्या किंवा किलोच्या खाली माल देतील की नाही, हे आधी विचारावे.

कोणाला आणि काय विचारावे

या रीतीचा गाभा इथे आहे. ‘इथे चांगले दुकान कोणते?’ या प्रश्नाला कोणीही आपल्या ओळखीचे नाव सांगतो आणि त्याचा आपल्याला फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी त्या वस्तूवर ज्याचे पोट आहे त्याला ‘तुम्ही स्वतः कुठून आणता?’ असे विचारावे. आपल्या शिंप्याला तो अस्तर, बटणे आणि नेफ्याची पट्टी कुठून घेतो ते विचारावे, लग्नाच्या आचाऱ्याला तो मोठी पातेली कुठून भाड्याने आणतो ते विचारावे, भेळवाल्याला चुरमुरे कोणाकडचे ते विचारावे, आणि पूजा सांगायला येणाऱ्या गुरुजींना समईची वात आणि कापूर कुठला ते विचारावे. ही माणसे रोज तो माल वापरतात, वाईट निघाला तर नुकसान त्यांचेच होते, म्हणून त्यांचे उत्तर पारखलेले असते. माझ्या वहीतली निम्म्याहून अधिक ठिकाणे या एका प्रश्नातून आलेली आहेत.

विचारण्याचीही रीत असते. दुकानात शिरताच भाव विचारू नये. ‘काका, एक विचारू का?’ म्हणून वस्तू किंवा तिचा मोडलेला भाग काउंटरवर ठेवावा. मोडलेला भाग सोबत असणे फार मोलाचे आहे, कारण कुकरचा व्हॉल्व्ह किंवा नळाचा वायसर तोंडी वर्णनाने कधीही अचूक मिळत नाही. दुकानदाराकडे तो नसेल तर ‘मग कुठे मिळेल?’ हा दुसरा प्रश्न लगेच विचारावा. पेठेतला दुकानदार आपल्याकडे नसलेल्या मालासाठी शेजारच्याचे नाव सहसा मोकळेपणाने सांगतो, आणि त्या शेजाऱ्याकडे जाऊन ‘अमक्यांनी पाठवले’ म्हटले की बोलण्यात आपोआप जवळीक येते. सकाळी पहिली भवानी होत असताना घासाघीस करू नये, पाचशेची नोट पुढे करून दहा रुपयांची वस्तू मागू नये, आणि गर्दी असेल तर बाजूला थांबावे. पुढच्या वेळी आपल्याला ओळख मिळते ती या साध्या गोष्टींवर.

खाण्याचे ठिकाण कसे पारखावे

खाण्याच्या ठिकाणी कीर्तीपेक्षा वेळ अधिक महत्त्वाची असते. मिसळीचेच पाहा. पुण्यातल्या जुन्या मिसळीच्या दुकानांत रस्सा सकाळी मोठ्या पातेल्यात होतो आणि तो संपला की त्या दिवसापुरते दुकान आवरते, म्हणून दुपारी दीड वाजता गेलेल्या माणसाने ठिकाणाविषयी मत बनवू नये. इथल्या मिसळीत पोहे किंवा बटाट्याची भाजी खाली असते, रस्सा कोल्हापुरीच्या मानाने सौम्य असतो, आणि पावाऐवजी स्लाइस ब्रेड मिळतो. हा इथल्या चवीचा स्वभाव आहे. नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे किंवा फडके हौदाजवळच्या वैद्यांकडे बसून तो एकदा समजून घ्यावा आणि मग इतर ठिकाणांशी ताडून पाहावा, कारण मोजपट्टीच कोल्हापूरची धरली तर पुण्याची मिसळ कायम फिकीच ठरेल. डेक्कनवर 1935 पासून चालू असलेल्या कॅफे गुडलकमधला बन मस्काही असाच सकाळी, चहाबरोबर, ताजा असताना खायचा पदार्थ आहे.

नवे, अनोळखी ठिकाण पारखताना मी तीन वेळा जातो. पहिल्या वेळी तिथली सर्वांत साधी गोष्ट मागवतो, म्हणजे थाळीच्या ठिकाणी वरण-भात, उडप्याकडे इडली आणि अमृततुल्यात चहा. साध्या पदार्थात काही लपवता येत नाही. वरणाला तूर डाळीची चव आहे का, इडली आंबून हलकी झाली आहे का, चटणी आजची आहे का, हे एका घासात कळते. दुसऱ्या वेळी आजूबाजूची माणसे न बोलता जे मागवतात ते मागवतो, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकांचा अनुभव त्यात असतो. तिसऱ्या वेळी घरच्यांना घेऊन जातो आणि गर्दीच्या वेळी जातो, म्हणजे घाईतही चव आणि वागणूक टिकते की नाही, हे समजते. तिन्ही वेळा पाण्याचे पेले, हात धुण्याची जागा आणि तळणीच्या कढईतले तेल यांकडे पाहतो. तेल काळपट आणि फेसाळ असेल तर मी वडा घेत नाही, मग रांग कितीही लांब असो.

अन्नपदार्थ विकणाऱ्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक असणे आवश्यक आहे. तो दुकानात लावलेला असावा आणि बिलावरही छापलेला असावा. ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर तो घालून परवाना चालू आहे का, ते कोणालाही पाहता येते. घरगुती डबा किंवा दिवाळीचा फराळ नव्याने ठरवताना एवढी तपासणी अवश्य करावी.

दुरुस्तीचे काम देताना

कारागिरावर भरवसा बसेपर्यंत त्याला लहान काम द्यावे. आजीचा शालू रफूला देण्याआधी रोजच्या वापरातला सदरा द्यावा, उलटून टाका पाहावा आणि एक धुणे झाल्यावर पुन्हा पाहावा. रफूची मजुरी भोकाच्या आकारावर आणि धाग्याच्या बारकाईवर ठरते. त्याच कापडाचा धागा पदराच्या किंवा शिवणीच्या आतून काढून वापरणार का, असे विचारले की समोरच्याची जाणकारी उत्तरातून कळते.

कल्हईविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तांब्या-पितळेची भांडी घराघरांत परत येत आहेत आणि कल्हई कशी करून घ्यावी हे सांगणारी पिढी मागे पडत आहे. भांडे आधी घासून स्वच्छ करतात, भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकतात आणि पांढरा धूर उठताच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते कथील झरझर आतून फिरवतात. हे काम शक्यतो समोर करून घ्यावे. कथील शुद्ध वापरावे, शिसे मिसळलेले नको, असे आधीच स्पष्ट सांगावे आणि त्यासाठी चार पैसे अधिक द्यावेत, कारण शिसे पोटात जाणे घातक आहे. भांडे हाती आले की उजेडात धरून काठाखालचा वळसा, तळाची कड आणि सांधा तपासावा, कारण राहिलेली जागा बहुतेक वेळा तिथेच असते आणि आंबट पदार्थ तिथून कळकतो. कथील सुमारे 232 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, त्यात कोरडे भाजू नये आणि ते तारेच्या चोथ्याने घासू नये.

मोठी वस्तू सोडून येताना पावती घ्यावीच. माझ्या वडिलांचे घड्याळ मी एका ठिकाणी ओळखीवर, पावतीशिवाय देऊन आलो. दोन महिन्यांनी ते परत मिळाले तेव्हा तबकडी तीच होती आणि आतले यंत्र दुसरे होते, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. तेव्हापासून पावतीवर वस्तूचे नाव, अनुक्रमांक, काय बिघडले आहे, अंदाजे खर्च आणि परत देण्याची तारीख लिहून घेतो, आणि वस्तूचा आतून-बाहेरून फोटो काढून ठेवतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. प्रामाणिक कारागिराला याचे वाईट वाटत नाही.

गिरणीची पारखही अशीच अनुभवाने येते. ज्वारी टाकण्याआधी जात्यावर काय दळले होते ते विचारावे, कारण आधीच्या धान्याचे थोडे पीठ आपल्या पिठात उतरतेच. उपासाची भाजणी असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. ज्वारीचे पीठ आठवड्यापुरतेच दळून आणावे, पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. उन्हाळ्यात मसाला करायचा असेल तर चक्कीपेक्षा डंकावर कुटून देणारे ठिकाण शोधावे, कारण कुटताना मिरची कमी तापते आणि रंग-वास टिकतो. एप्रिल-मे महिन्यांत तिथे नंबर लावावा लागतो.

बिल आणि वजन

थोडक्यात एवढे पाहावे. महाराष्ट्रातल्या दुकानाच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात 27 ने होते आणि तो एकूण 15 अक्षरांचा असतो. कंपोझिशन या लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या करयोजनेतला व्यापारी गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. हॉटेलने बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा ते काढायला शांतपणे सांगावे, आणि वाद झालाच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तराजूवर वैधमापन शास्त्र विभागाची मोहोर असते, ती पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. सोन्याच्या दागिन्यावर एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे आणि ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो ताडून पाहता येतो.

फोनवरचे अभिप्राय

फोनवरच्या नकाशाचा उपयोग ठिकाण ठरवण्यासाठी करू नये, ठरलेल्या ठिकाणाची खातरजमा करण्यासाठी करावा. पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवून मधले, दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचावेत, कारण नेमके काय आवडले आणि काय खटकले हे तिथे लिहिलेले असते. गेल्या सहा महिन्यांतलेच वाचावेत. दरपत्रकाच्या फोटोवरची तारीख पाहावी. निघण्याआधी फोन करून दुकान उघडे आहे का ते विचारावे, पेठांत घरचे कार्य निघाले की दुकान दोन दिवस बंद राहते आणि नकाशाला ते कळत नाही. जिन्याखालच्या कारागिराचे नाव मात्र नकाशावर बहुधा सापडतच नाही. त्याची खूण आपणच आपल्या फोनमध्ये टाकून ठेवावी.

वही कशी ठेवावी

नोंद कामाच्या नावाखाली करावी. ‘रफू’, ‘कल्हई’, ‘कुकर’, ‘छत्री’, ‘सकाळचा नाश्ता’, ‘पाहुण्यांसाठी थाळी’ अशी पाने असावीत, आणि प्रत्येक पानावर किमान दोन ठिकाणे असावीत, कारण एक बंद असले तर दुसरे लागते. नोंदीत देवळाची खूण, सुटीचा वार, वेळ, दिलेली मजुरी, तारीख आणि कोणी सांगितले ते लिहावे. कोणी सांगितले हे लिहिले की काही दिवसांनी कोणाचा सल्ला खरा ठरतो ते आपोआप दिसते. कारागिराचा खासगी फोन क्रमांक इतरांना देण्याआधी त्याला विचारावे. काहींना नवे काम हवे असते, काही म्हातारे झालेले असतात आणि त्यांना जुनीच गिऱ्हाइके पुरेशी असतात.

वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाचे कॅलेंडर काढावे. छत्र्या आणि रेनकोट मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुरुस्तीला टाकावेत, पहिला पाऊस पडला की कारागिरापुढे ढीग लागतो. शाळेची पुस्तके जून उजाडण्याआधी घ्यावीत, नंतर अप्पा बळवंत चौकात उभे राहायला जागा नसते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठांतले रस्ते बंद असतात, त्यामुळे दुरुस्तीची कामे त्याआधी परत आणावीत. कापूस पिंजून गाद्या भरून घ्यायच्या असतील तर पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस धरावेत, दमट हवेत कापूस फुलत नाही. समया, निरांजने आणि फराळाची मोठी भांडी कल्हईला किंवा पॉलिशला नवरात्राआधी द्यावीत. आणि वर्षातून एकदा, जानेवारीत, वही घेऊन जुन्या नोंदींपाशी प्रत्यक्ष जाऊन यावे. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहत असेल, तर शेजारच्या पानवाल्याला किंवा इस्त्रीवाल्या दादांना विचारावे, कारागीर कोणत्या बोळात हलला ते त्यांना ठाऊक असते, आणि नव्या जागेची खूण जुनी न खोडता तिच्याखाली लिहावी.